पोलीस आणि अग्निशामक : न्याय्य वेतनाची कसोटी

रायगड जिल्ह्यातील खालापूर हा तसा लहान तालुका. परंतु मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग हे दोन्ही रस्ते याच तालुक्यातून बोरघाट चढतात. एका अंगाला पाताळगंगा-रसायनीचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या अंगाला खोपोलीचे कारखाने व १९१५ पासूनचे जलविद्युत केंद्र आणि मधल्या डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी बांधवांच्या वाड्या अशी येथील रचना आहे. त्यामुळे अपघात, आग आणि दरड ही तिन्ही संकटे या तालुक्याच्या परिचयाची आहेत.

अशा प्रसंगी पोलीस आणि अग्निशामक हे दोन गणवेश शेजारी शेजारी उभे असतात. खालापूर-कर्जतच्या गावांतील तरुणही या दोन्ही भरतींची तयारी बहुधा एकाच मैदानावर करतात. मग या दोघांचे वेतन सारखे असावे काय? फरक असेल तर तो कोणत्या तत्त्वावर असावा? हा प्रश्न भावनेने नव्हे, तर मोजमापाने सोडविण्याचा आहे. त्या मोजमापाच्या कसोट्या कोणत्या, याचा विचार येथे केला आहे.

एका वर्षाचा अनुभव

२०२३ हे एकच वर्ष घेतले तरी या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. १५ एप्रिल रोजी पहाटे खोपोली हद्दीत जुन्या महामार्गावर एक बस दरीत कोसळली व १३ जणांचा मृत्यू झाला. १३ जून रोजी घाटमाथ्याजवळ कुणे पुलावर रसायनवाहू टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले आणि चार जण दगावले. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, तर ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या.

इर्शाळवाडीला वाहन जाईल असा रस्ता नव्हता. भर पावसात, निसरड्या पायवाटेने, साहित्य अंगाखांद्यावर घेऊन मदतीची पथके चढली. त्या चढणीवरच नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्याच वाटेवर पोलिसही होते. डोंगराने दोघांत भेद केला नाही. दोघांची सेवापुस्तके मात्र दोन वेगळ्या कार्यालयांत ठेवलेली असतात, आणि वेतनाच्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

दोन दले, दोन तिजोऱ्या

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. खालापूर ठाण्यातील शिपाई असो की नागपुरातील, त्याचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते व त्याची श्रेणी एकच असते. अग्निशमन सेवा १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत आहे. त्यामुळे खोपोलीचा अग्निशामक नगरपरिषदेचा, मुंबईचा महानगरपालिकेचा आणि औद्योगिक वसाहतीतील केंद्राचा जवान औद्योगिक विकास महामंडळाचा सेवक ठरतो.

ही वाटणी इतिहासातून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील आग विझविण्याचे काम पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत होते. पुढे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने अग्निशमन दल राखणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. एका छत्राखालील दोन कामे अशी वेगळ्या घरी गेली. महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम करून आगीपासून बचावाचे नियम राज्यभर एक केले. मनुष्यबळ मात्र ज्या त्या संस्थेचेच राहिले.

परिणाम आकड्यांत पाहावा. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या राज्याच्या वेतनरचनेत पोलीस शिपायाचा स्तर २१,७०० ते ६९,१०० रुपये असा आहे. मुंबई महानगरपालिकेच्या २०२३ च्या अग्निशामक भरतीत हीच श्रेणी होती. काही अन्य संस्थांच्या भरतीत मात्र अग्निशामकाची श्रेणी १९,९०० रुपयांपासून सुरू झालेली दिसते. म्हणजे आरंभीच मूळ वेतनात दरमहा १,८०० रुपयांचा, वर्षाला २१,६०० रुपयांचा फरक पडतो. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या प्रमाणात मिळतो आणि वार्षिक वेतनवाढही त्यावरच चढते. त्यामुळे पहिल्या दिवसाचा हा फरक सेवेच्या अखेरपर्यंत वाढत जातो. येथे नोंद घ्यावी ती ही की, हा फरक पोलीस व अग्निशामक यांच्यात आहे, तसाच तो अग्निशामक व अग्निशामक यांच्यातही आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा धडा

या विषयावरील एक मार्गदर्शक खटला पोलीस दलातीलच आहे. रणधीर सिंह हे दिल्ली पोलिसांत चालक-शिपाई होते. दहावी न झालेल्या चालक-शिपायाला त्या वेळी २१० ते २७० रुपयांची श्रेणी होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकाला २६० ते ४००, तर अग्निशमन दलातील जड वाहनाच्या चालकाला ३३० ते ४८० रुपयांची श्रेणी मिळत असे. चाक तेच, रस्ता तोच, मग वेतन वेगळे का, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

फेब्रुवारी १९८२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. समान कामास समान वेतन हा स्वतंत्र मूलभूत हक्क म्हणून घटनेत लिहिलेला नसला, तरी ते घटनेचे ध्येय आहे; अनुच्छेद १४, १६ व ३९ एकत्र वाचले असता ते तत्त्व लागू करता येते, असे न्यायालयाने मानले. चालक-शिपायांना निदान रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकांइतकी श्रेणी १ जानेवारी १९७३ पासून देण्याचा आदेश झाला. केवळ खाते वेगळे आहे हे कमी वेतनाचे पुरेसे कारण नव्हे, हा या निकालाचा धडा होय. त्याचबरोबर न्यायालयाने अग्निशमन दलाची सर्वांत वरची श्रेणी सरसकट लागू केली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुढे १९८८ च्या जे. पी. चौरसिया खटल्यात कामांची तुलना व मूल्यमापन प्रामुख्याने तज्ज्ञ समित्यांवर सोपवावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २०१६ च्या जगजित सिंह खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाचे समान वेतन मिळावे, असे स्पष्ट केले.

पोलिसांची बाजू

पोलिसाचे काम कधी संपत नाही. आग विझली की बंब परत जातो, पण पंचनामा, वाहतूक, जमाव, तपास आणि न्यायालयातील साक्ष ही कामे पोलिसामागे राहतात. सण-उत्सवात इतरांना सुटी असते, तेव्हा त्याची रजा रद्द होते. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाला. असा प्रयोग करावा लागला, यावरूनच त्यापूर्वीच्या तासांची कल्पना यावी. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्या अहवालात शिपायाला अकुशल कामगारांच्या पंक्तीत बसविणे चुकीचे असून त्याच्या वेतनाची तुलना कुशल कामगारांशी व्हावी, असे सुचविले होते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अनुच्छेद ३३ व १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवरील निर्बंधांचा कायदा यांमुळे पोलिसाला इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे कामगार संघटनेत जाता येत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस संघटनेची मान्यता काढून घेतल्यानंतर मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला व लष्कराला पाचारण करावे लागले. ज्याला सौदा करता येत नाही, त्याच्या वेतनाची काळजी शासनाने आपणहून घेतली पाहिजे.

अग्निशामकांची बाजू

लोक ज्या दारातून बाहेर पळतात, त्याच दारातून अग्निशामक आत शिरतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीने दलाच्या प्रमुखांसह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. ज्वाळांखेरीज विषारी धूर, कोसळते छत व रसायने यांची जोखीम वेगळी.

त्यात एक सहसा न मोजला जाणारा खर्च आहे. पोलीस शिपायाला नेमणुकीनंतर शासन स्वखर्चाने प्रशिक्षण देते. अनेक स्थानिक संस्था मात्र अग्निशामक पदासाठी अर्ज करतानाच सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम उत्तीर्ण असण्याची अट घालतात. म्हणजे कौशल्याचा खर्च नोकरी मिळण्यापूर्वी उमेदवाराच्या घरावर पडतो. जेथे रिक्त पदे कंत्राटी मनुष्यबळाने भरली जातात, तेथे तर धोका तोच राहतो, पण श्रेणी, वेतनवाढ व अनुकंपा नियुक्ती यांपैकी काही मिळत नाही.

परदेशातील दोन अनुभव

न्यूयॉर्क शहरात पोलीस, अग्निशामक व त्यांचे अधिकारी यांचे वेतन ठराविक प्रमाणात बांधलेले होते. या प्रमाणावरून वाद पेटून जानेवारी १९७१ मध्ये पोलिसांनी सहा दिवस नेहमीची गस्त बंद ठेवली. एकाची श्रेणी दुसऱ्याच्या श्रेणीला यांत्रिकपणे बांधली की एका गाठीचा ताण सर्व दोरीवर येतो, हे यातून दिसते.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे नोव्हेंबर १९७७ पासून जानेवारी १९७८ पर्यंत अग्निशामकांचा देशव्यापी संप झाला व लष्कराला बंब चालवावे लागले. तडजोडीत त्यांचे वेतन वरच्या वेतनगटातील पुरुष कामगारांच्या मिळकतीशी जोडले गेले. संपाचा हक्क नसलेल्या पोलिसांसाठी एडमंड-डेव्हिस समितीने १९७८ मध्ये भरीव वाढ व स्वतंत्र सूत्र सुचविले. दोन दलांना दोन सूत्रे मिळाली, पण दोन्ही लिखित व जाहीर होती.

तुलना कशी करावी?

वरील विवेचनातून सहा कसोट्या निघतात : प्रवेशाची पात्रता व प्रशिक्षणाचा खर्च, लागणारे कौशल्य, जिवाची व आरोग्याची जोखीम, कामाचे तास व रजा, जबाबदारी व कायद्याने घातलेली बंधने, आणि मृत्यू वा अपंगत्व आल्यास कुटुंबाचे संरक्षण. या सहाही रकान्यांत दोन्ही दलांची नोंद केल्यास तासांच्या व बंधनांच्या रकान्यात पोलिसांचे पारडे जड होईल, तर धोक्याच्या तीव्रतेच्या व प्रशिक्षणखर्चाच्या रकान्यात अग्निशामकाचे. म्हणून दोघांचा प्रत्येक भत्ता सारखाच हवा असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ज्याचे तास अधिक त्याला तासांचा मोबदला, ज्याची जोखीम अधिक त्याला जोखमीचा, हे न्याय्य होय.

परंतु दोन बाबतींत फरकाला जागा नाही. पहिली, आरंभीची मूळ श्रेणी. अग्निशामक कोणत्या संस्थेच्या वेतनपटावर आहे, यावरून त्याच्या कामाची किंमत ठरू नये. दुसरी, कर्तव्यावर प्राण गेल्यास कुटुंबाला मिळणारे साहाय्य. त्या घरातील चूल कोणाच्या तिजोरीवर पेटत होती, हा प्रश्न त्या वेळी गौण असतो.

अडचण पैशाची आहे, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या महानगरपालिकेला जे पेलते ते लहान नगरपरिषदेला पेलत नाही. राज्य शासन नगरपरिषदांना सहायक अनुदान देते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी देशभरात ५,००० कोटी रुपयांची तरतूदही झाली. त्यातून केंद्रे व साधने उभी राहतील. पण बंबावर बसणारा माणूस कायम, प्रशिक्षित आणि निश्चिंत असल्याखेरीज नव्या बंबाचा उपयोग अर्धाच. खालापूरसारख्या तालुक्यातून साऱ्या राज्याची वाहतूक जाते, तेव्हा तेथील अग्निशमनाचा भार एकट्या नगरपरिषदेने का वाहावा, याचाही विचार व्हावा.

अभ्यासमंडळांत व महाविद्यालयांत या विषयावर चर्चा करताना पुढील प्रश्न घ्यावेत : आपल्या नगरपरिषदेत अग्निशामकांची मंजूर पदे किती व भरलेली किती? त्यांपैकी कायम किती व कंत्राटी किती? त्यांची श्रेणी कोणती? नजीकच्या पोलीस ठाण्यातील शिपायाला आठवड्यातून प्रत्यक्ष किती तास काम करावे लागते? ही माहिती अर्ज करून मिळू शकते. ती हाती घेऊन सहा रकाने भरले, तर ‘कोण मोठा’ हा वाद मागे पडेल आणि ‘कोणाला काय देणे आहे’ हा हिशेब पुढे येईल.