घारापुरीची सहल आणि चंद्राचे वेळापत्रक

कर्जत-खालापूरकडील शाळांची सहल घारापुरीला निघते ती लोकल गाडीच्या वेळापत्रकावर. परंतु गेटवे ऑफ इंडियापाशी लाँचमध्ये बसले की दुसरे वेळापत्रक सुरू होते. ते असते चंद्राचे!

घारापुरी गेटवेपासून सुमारे १० किलोमीटर दूर आहे. लाँचला तासभर लागतो. मुंबईहून जावे लागले तरी हे बेट आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. तेथील लेणी ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये कोरली आहेत, त्याच पाषाणात कर्जतजवळची कोंडाणे लेणीही आहेत.

कर्जतला उल्हास नदी नेहमी एकाच दिशेने वाहताना दिसते. खाडीत मात्र पाणी दिवसातून दोनदा उलटे चढते. असे का व्हावे?

चंद्राच्या आकर्षणामुळे पृथ्वीच्या चंद्राकडील व त्याविरुद्ध अशा दोन्ही बाजूंना समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. २४ तासांत चंद्रही थोडा पुढे सरकतो. त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. म्हणून दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरती रोज ५० मिनिटे उशिरा येते.

यावरूनच कोकणातील दर्यावर्दी लोकांचा हिशेब निघाला: तिथीची पाऊणपट करा. द्वादशीला १२ × ३/४ = ९, म्हणजे भरती सकाळी ९ च्या सुमारास; ओहोटी दुपारी सव्वातीनला. त्या दिवशी जाताना पाणी भरलेले दिसेल, परतताना किनाऱ्याचा चिखल व तिवरांची मुळे उघडी पडलेली दिसतील. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्रांचे आकर्षण एकवटते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

हा हिशेब स्थूल आहे. प्रवासासाठी छापील भरती-कोष्टकच पाहावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून प्राणहानी झाली. तेव्हा जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घातलेच पाहिजे. लेणी सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

करून पाहा: (१) चतुर्थीला भरती केव्हा येईल? (२) सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत ओहोटी पाहायची असेल, तर कोणत्या तिथ्या सोयीच्या?