यादी म्हणजे किराणा नव्हे

आजी गोधडी शिवते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जुन्या लुगड्याचा चांगला भाग ती कापून घेते, विरलेला टाकून देते आणि तुकडे जोडते. चित्रफितीचे संकलनही असेच असते.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. तेव्हा फिल्म खरोखर कापून चिकटवावी लागे. फिल्मच्या कामात त्यांना पत्नी सरस्वतीबाई मदत करत.

पुढे संगणक आले. २००० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज मूव्ही मेकर' हा प्रोग्रॅम विंडोजबरोबर फुकट दिला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही तो होता. चित्रफितीचे तुकडे खालच्या पट्टीवर ओढायचे, नको तो भाग कापायचा, नाव घालायचे, गाणे लावायचे. झाला पिच्चर!

२००९ साली विंडोज ७ आली. तिच्यात तो नव्हता, इंटरनेटवरून वेगळा घ्यावा लागे, पण फुकटच. मग लोक मोबाईलवरच शूटिंग आणि जोडणी करू लागले. १० जानेवारी २०१७ रोजी मूव्ही मेकर बंद झाला. पुढे काही लबाडांनी त्याच नावाचा नकली प्रोग्रॅम दाखवून पैसे उकळले. आता विंडोज ११ बरोबर 'क्लिपचॅम्प' येतो.

आमच्या काकांनी कॉलेजात असताना आजोबांचा पिच्चर केला होता. पोळ्याला आजोबा बैलांना सजवतात आणि त्यांच्याशी बोलतात, असा. मी आजोबांना पाहिलेले नाही. म्हणून काकांनी दिवाळीत जुना पेनड्राईव्ह लावला. पण पिच्चर निघेना. आजी पदर सावरून समोर बसली होती, ती तशीच उठून आत गेली.

काका म्हणाले, "माझंच चुकलं. मी नुसता प्रोजेक्ट ठेवला." प्रोजेक्टमध्ये चित्रे नसतात. कोणता तुकडा कुठे लावायचा, एवढेच त्यात लिहिलेले असते. मूळ तुकडे जुन्या संगणकात होते आणि तो कधीच भंगारात गेला. आई म्हणाली, "म्हणजे यादी राहिली अन् किराणा गेला."

म्हणून काम झाले की पूर्ण पिच्चर तयार करून ठेवावा. मूळ तुकडेही ठेवावेत. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले तर फार बरे. प्रोग्रॅम येतात आणि जातात.

आता मी आजीचे बोलणे मोबाईलवर घेतले आहे. ते दोन ठिकाणी ठेवले आहे.

— इयत्ता ४ थी, कोऱ्हाळे बुद्रुक