आडरानातील निसर्ग शिक्षण केंद्रासाठी सौर वीज

विजेची तार न पोहोचलेल्या डोंगराळ भागात मुलांची निसर्ग शिबिरे भरतात. तेथे रात्रीच्या उजेडासाठी सौर संच सोयीचा ठरतो. मात्र अनेक ठिकाणी संच बसतो आणि निगेअभावी बंद पडतो. हे टाळण्यासाठी आधी विजेचा हिशेब करावा आणि निगा राखणारा माणूस गावातलाच तयार करावा.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेज या संस्थेने हेच केले. दिवसा गुरे-शेळ्या राखणाऱ्या मुलांसाठी तिने रात्रशाळा चालविल्या आणि त्यांत सौर कंदील वापरले. अल्पशिक्षित ग्रामीण महिलांना सौर दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे दुरुस्तीसाठी शहराकडे पाहावे लागले नाही.

विजेचा हिशेब : तीस मुलांच्या केंद्राचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे ८ एलईडी दिवे ४ तास लावल्यास २८८ वॅट-तास वीज लागते. ३० वॅटचे २ पंखे ५ तास चालविल्यास ३०० आणि मोबाइल चार्जिंगसाठी ६०, असे एकूण ६४८ वॅट-तास होतात. तारा व बॅटरीत होणारी घट धरून रोज सुमारे ८६० वॅट-तास वीज तयार व्हावयास हवी. ढगाळ दिवसांत पूर्ण क्षमतेइतके ऊन ३ तासच मिळेल असे धरल्यास ३०० वॅटचे पॅनेल पुरते.

बॅटरी : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत ३६०० वॅट-तास वीज साठते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. या हिशेबाने दोन रात्री निभावतात. शेगडी, इस्त्री, गिझर या संचावर चालवू नयेत. आंघोळीच्या पाण्यासाठी वेगळा सौर बंब बसवावा.

निगा :
१) पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, महाराष्ट्रात साधारण १८ ते २० अंश उतार देऊन, झाडाची सावली पडणार नाही असे बसवावे.
२) पॅनेलवरील धूळ सकाळी, काच तापण्यापूर्वी, ओल्या मऊ कापडाने पुसावी.
३) बॅटरीतील पाण्याची पातळी दरमहा पाहावी. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे; विहिरीचे पाणी घालू नये.
४) बॅटरी हवेशीर खोलीत, मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. तिच्याजवळ विडी-काडी पेटवू नये.

रोज सायंकाळी बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहिण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांकडे द्यावे. ढग आले किंवा धूळ साचली की आकडा कसा उतरतो, हे त्यांना आपोआप कळते. वीज जपून का वापरावी, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

हाच हिशेब शेतावरील वस्तीलाही लागू पडतो. आधी गरज मोजावी, मगच संच घ्यावा.