टर्मिनलवरून ब्लूटूथची जोडणी

वर्गास कविता ऐकवावयाची, मुले कान देऊन बसलेली, आणि संगणकाच्या पडद्यावर ब्लूटूथची खिडकी नुसती चक्राकार फिरत राहावयाची, हा अनुभव बहुतेक शिक्षकबंधुभगिनींस आला असेल. चुकले कोठे, हे ती खिडकी सांगत नाही. शाळेचा संगणक लिनक्सवर चालत असल्यास हेच काम टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून करावे. तेथे उत्तर शब्दांत मिळते.

टर्मिनल उघडून 'ब्लूटूथ' या शब्दास सी, टी, एल ही अक्षरे जोडून, सर्व लहान रोमन लिपीत, टंकावे व एंटर दाबावे. पुढील आज्ञाही रोमनमध्येच द्यावयाच्या. 'पॉवर ऑन' म्हणताच यंत्रणा जागी होते. ध्वनिक्षेपकाची जोडणीची कळ दाबून धरावी आणि 'स्कॅन ऑन' लिहावे. आसपासच्या उपकरणांचे पत्ते दिसू लागतात. प्रत्येक पत्ता सहा जोड्यांचा, म्हणजे बारा चिन्हांचा असतो. एकाच बनावटीच्या दोन ध्वनिक्षेपकांचे नाव एकच असू शकते. पत्ता मात्र निराळा असतो, म्हणून तो वहीत उतरून ठेवावा. पहिली काही चिन्हे टंकून टॅब दाबल्यास उरलेला पत्ता संगणक स्वतः भरतो.

यापुढील तीन आज्ञांत पुष्कळांचा घोटाळा होतो. 'पेअर' म्हणजे हजेरीपटावर नाव घालणे. दोन्ही यंत्रे एकमेकांची गुप्त किल्ली जपून ठेवतात. 'कनेक्ट' म्हणजे त्या मुलाने आज वर्गात येऊन बसणे. नाव पटावर आहे म्हणून मूल हजर आहे असे होत नाही. 'ट्रस्ट' म्हणजे "आत येऊ का, गुरुजी?" असे न विचारता येण्याची मुभा. प्रत्येक आज्ञेपुढे पत्ता लिहावा. ही मुभा अनोळखी पत्त्यास कदापि देऊ नये. कळफलकही ब्लूटूथचाच असू शकतो, आणि एकदा आत घेतलेला कळफलक आपल्या संगणकावर वाटेल ते लिहू शकतो. जोडताना दोन्हीकडे सहा अंक दिसल्यास ते ताडून पाहिल्याखेरीज 'येस' म्हणू नये.

'नो डिफॉल्ट कंट्रोलर' असे उत्तर आले तर संगणकास ब्लूटूथचे यंत्रच सापडलेले नाही, किंवा त्याची सेवा बंद आहे. यंत्र असून 'पॉवर ऑन' फसले, तर 'क्विट' म्हणून बाहेर यावे आणि 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' ही आज्ञा देऊन पाहावी. पूर्वी जुळलेले उपकरण जुळेनासे झाल्यास 'रिमूव्ह' व पत्ता लिहून नाव पटावरून काढावे, ध्वनिक्षेपकातीलही जुनी नोंद पुसावी आणि नव्याने आरंभ करावा.

इतके करूनही यश न आल्यास आपला खिसा तपासावा. प्रस्तुत लेखकाने एकदा अर्धा तास आज्ञांवर आज्ञा दिल्या. ध्वनिक्षेपक त्याच्याच मोबाइलशी जोडलेला होता.