एक दिवसाचे आराखडा शिबिर : पूर्वतयारी व कार्यपद्धती

विहाराला जोडून अभ्यासिका व्हावी, ही अनेक वस्त्यांतील जुनी मागणी असते. वर्गणी जमते, बांधकाम होते, उद्घाटनाचा फलकही लागतो. पुढे मात्र कित्येक ठिकाणी त्या खोलीत खुर्च्यांची रास आणि दाराला कुलूप एवढेच दिसते. ज्यांनी तेथे बसायचे त्या विद्यार्थ्यांना कोणी आधी विचारलेले नसते. समाजाच्या घामाचा पैसा असा वाया जाऊ नये, यासाठी बांधकामापूर्वी सर्वांनी मिळून आराखडा करण्याचे एक दिवसाचे शिबिर घेणे हितावह ठरते.

परंपरा

वास्तुशास्त्रात अशा अल्पकालीन सामूहिक कामाला 'शारेत' म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ हातगाडी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कलाविद्यालयात मुदत संपताच विद्यार्थ्यांची रेखाटने गोळा करण्यासाठी हातगाडी फिरे व विद्यार्थी शेवटच्या क्षणापर्यंत हात चालवीत, असे सांगतात. मुदत ठरलेली असली की काम पुरे होते, हा त्यातील बोध.

एकत्र बसून निर्णय घेण्याची रीत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघाला संसदीय कार्यपद्धतीचे नियम माहीत होते, याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत लक्ष वेधले होते. प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे संघात होते.

पूर्वतयारी

1) प्रश्न एकच ठेवावा. 'संस्थेचा विकास' हा विषय एका दिवसात संपणार नाही. '20 फूट रुंद व 30 फूट लांब खोलीत अभ्यासिका कशी मांडावी?' हा संपेल.

2) जागेचे माप आधी घ्यावे. दार, खिडक्या, खांब व विजेच्या जागा कागदावर दाखवाव्यात. जमलेला पैसा किती, हेही सर्वांना स्पष्ट सांगावे.

3) दहावी-बारावीचे व स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, विद्यार्थिनी, माता आणि ज्येष्ठ यांना निमंत्रण द्यावे. आजारी भिक्खू आपली संमती म्हणजे 'छंद' दुसऱ्या भिक्खूमार्फत संघाला कळवीत असे. त्याच धर्तीवर, येऊ न शकणाऱ्यांचे म्हणणे आधी लिहून घ्यावे.

4) भोजनाची जबाबदारी पुरुष कार्यकर्त्यांनी घ्यावी. भगिनी स्वयंपाकात अडकल्या, तर त्यांचे निमंत्रण नावापुरतेच राहते.

प्रत्यक्ष शिबिर

सकाळी 10 वाजता सर्वांनी जागा पाहावी. नंतर पंधरा मिनिटे प्रत्येकाने न बोलता आपल्या गरजा लिहाव्यात. आधी चर्चा सुरू केली तर मोठ्या आवाजाच्या माणसाचेच मत सर्वांचे होऊन बसते. याच कारणाने अध्यक्ष व पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावे.

मग पाच-सहा जणांचे गट करावेत. 1 इंच म्हणजे 2 फूट असे प्रमाण धरले, तर खोली 10 गुणिले 15 इंचांच्या कागदावर मावते. 2 गुणिले 3 फुटांच्या टेबलासाठी 1 गुणिले दीड इंचाचा पुठ्ठा कापावा. पुठ्ठे सरकवून पाहिले की वाद कमी होतात. खुर्ची व ये-जा धरून एका विद्यार्थ्याला 20 चौरस फूट दिले, तर 600 चौरस फुटांत 30 जण बसतील. पुस्तकांची कपाटे ठेवली की ही संख्या घटेल. किती घटवायची, हे गटाने स्वतः ठरवावे. रात्री नऊनंतर मुलींनी घरी कसे जावे, बाहेरच्या रस्त्यावर दिवा आहे काय, स्वच्छतागृह कोठे, हे प्रश्नही याच वेळी पुढे येतात.

दुपारी सर्व आराखडे भिंतीवर लावावेत. प्रथम फक्त शंका विचाराव्यात, दोष नंतर सांगावेत. दोष आराखड्याचा सांगावा, माणसाचा नव्हे. शेवटी चांगल्या बाबी एकत्र करून दोन आराखडे उरवावेत.

निर्णय

संघात महत्त्वाच्या बाबतीत प्रस्ताव मांडून तीनदा घोषणा होई व मौन हे संमतीचे लक्षण मानले जाई. आपल्या सभेत मात्र वडीलधाऱ्यांसमोर बसलेल्या मुलीचे मौन संमती समजू नये. मतभेद मिटले नाहीत तर संघात शलाका वाटून बहुमत पाहत. आपण चिठ्ठ्या वाटाव्यात.

उठण्यापूर्वी तीन गोष्टी लिहाव्यात : काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. आराखड्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद विहारात लावावा. तो अभियंत्याला दाखवून भिंती, वीज व खर्च तपासून घ्यावा. शिबिराचा आराखडा तज्ज्ञाची जागा घेत नाही. अभियंत्याने बदल सुचविला तर तो परस्पर मान्य न करता विद्यार्थ्यांना पुन्हा बोलवावे.

ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पुठ्ठा सरकवून आपली जागा ठरविली, तो ती खोली आपली मानतो, तिची झाडलोट करतो आणि धाकट्यांनाही तेथे आणतो. संस्थांनी पुढील बांधकामाची वर्गणीपावती फाडण्यापूर्वी एक रविवार या कामासाठी अवश्य राखून ठेवावा.