किशोरवयातील लसीकरण : शंकेची पारख आणि विश्वासाची जपणूक

तान्ह्या बालकास लस टोचली जाते, तेव्हा शंका असलीच तर ती मातापित्यांची असते. किशोरवयात चित्र पालटते. मुले-मुली शाळेत रांगेने लस घेतात, एकमेकांचे चेहरे न्याहाळतात, वर्गातील बातमी घरी नेतात आणि घरातील भीती वर्गात आणतात. दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्प प्रतिबंधक लस असो वा गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस असो, तिच्या सुरक्षिततेविषयी उठणाऱ्या शंकांची पारख कशी करावी, हा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच शाळेचा व पंचायतीचाही आहे.

खम्ममचा धडा

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. त्यास प्रतिबंध करणारी लस सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत कशी देता येईल, हे अजमावण्यासाठी २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत एक प्रकल्प हाती घेण्यात आला. 'पाथ' ही आंतरराष्ट्रीय संस्था व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात सहभागी होत्या. दहा ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे २४ हजार मुलींना लस देण्यात आली. त्यांपैकी सात मुली पुढे मृत्यू पावल्याचे वृत्त आले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प स्थगित करण्यात आला.

केंद्र शासनाने नेमलेल्या चौकशी समितीने या मृत्यूंचा मागोवा घेतला. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशकाचे प्राशन, हिवताप अशी कारणे पुढे आली; मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे दिसून आले नाही. एवढ्या मोठ्या समूहात, लस दिली नसती तरीही, काही आजार व अपघात घडलेच असते. 'लसीनंतर' घडलेली प्रत्येक गोष्ट 'लसीमुळे' घडलेली नसते, हा पारखीचा पहिला नियम होय.

परंतु प्रकरण तेथे संपले नाही. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात नमूद झाले की, आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. विपरीत घटनांची नोंद घेण्याच्या व्यवस्थेवरही समितीने कठोर ताशेरे ओढले. मृत्यूंचा दोष लसीवर आला नाही. कार्यपद्धतीवरील दोष मात्र पुसला गेला नाही. ज्यांची संमतीच विचारली गेली नव्हती, त्या पालकांनी नंतरच्या खुलाशावर विश्वास तरी का ठेवावा?

नागोयाची पाहणी

शंकेचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे जपानमध्ये दिसून आले. तेथे एप्रिल २०१३ मध्ये हीच लस नियमित लसीकरणात आली. काही मुलींना दीर्घकाळ वेदना होत असल्याच्या व चालण्यास त्रास होत असल्याच्या तक्रारी गाजल्या आणि जूनमध्येच शासनाने लसीची सक्रिय शिफारस थांबविली. सुमारे ७० टक्के मुलींपर्यंत पोहोचलेले प्रमाण पुढे एक टक्क्याच्याही खाली गेले.

२०१५ मध्ये नागोया शहराच्या प्रशासनाने सुमारे ७१ हजार मुली व तरुणींकडे प्रश्नावली पाठविली. डोकेदुखी, थकवा, मासिक पाळीची अनियमितता यांसारख्या २४ लक्षणांविषयी तीत विचारणा होती. जवळजवळ ३० हजार उत्तरे आली. लस घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही गटांत ही लक्षणे आढळली. लस घेतलेल्यांत ती लक्षणीय प्रमाणात अधिक असल्याचे दिसले नाही. लस न घेतलेल्यांनाही विचारले गेले, म्हणूनच हे उत्तर मिळू शकले. शासनाची शिफारस मात्र एप्रिल २०२२ मध्येच पूर्ववत झाली. मधल्या नऊ वर्षांत असंख्य मुली संरक्षणावाचून राहिल्या.

कारणांचे पाच प्रकार

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार लसीकरणानंतरच्या विपरीत घटनेचे कारण पाच प्रकारांत शोधले जाते : लसीचा अंगभूत गुणधर्म, लसीच्या उत्पादनातील दोष, साठवणीतील वा टोचण्यातील चूक, लसीकरणाच्या भीतीची वा ताणाची शारीरिक प्रतिक्रिया आणि निव्वळ योगायोग. यांपैकी चौथा प्रकार किशोरवयात विशेष आढळतो. एक मुलगी भोवळ येऊन पडते. ते पाहून दुसरीस घाम फुटतो, तिसरीचे हातपाय थरथरतात. हे ढोंग नव्हे. त्रास खरा असतो, फक्त त्याचे कारण लसीतील द्रव्य नसते. अशा मुलीची थट्टा करणे वा तिला दटावणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

शाळा व पंचायत यांचे कर्तव्य

लसीकरणापूर्वी पालकांची सभा घेऊन लस कोणती, कशासाठी आणि तिचे सामान्य त्रास कोणते, हे सोप्या मराठीत सांगावे. संमती पालकांकडूनच घ्यावी आणि मुलांनाही प्रश्न विचारू द्यावेत. उपाशी मुलांना आधी खाऊ घालावे. रांग उघड्यावर लावू नये. लस बसवून वा निजवून द्यावी आणि त्यानंतर अर्धा तास मुलांवर लक्ष ठेवावे. भोवळ आल्यास निजवून पाय किंचित वर करावेत व आरोग्य कर्मचाऱ्यास तत्काळ बोलवावे. गंभीर घटना, रुग्णालयात दाखल होणे वा मृत्यू घडल्यास आरोग्य केंद्रास विनाविलंब कळवावे, म्हणजे जिल्हा समितीस चौकशी करता येते. कारण ठरण्यापूर्वी 'लसीमुळेच झाले' असे म्हणू नये. तसेच 'लसीमुळे नाहीच' असेही ठासून सांगू नये.

चौकशीचा निष्कर्ष ज्या घरातून तक्रार आली, त्या घरी पोहोचणे अगत्याचे आहे. तो कार्यालयाच्या कपाटात पडून राहिला, तर गावात अफवाच उरते. शंका दडपल्याने लसीची प्रतिष्ठा वाढत नाही; ती नोंदवून, तपासून आणि तिचे उत्तर देऊनच वाढते. ज्या रोगाचे दुःख आजच्या मुलीस वीस-तीस वर्षांनी भोगावे लागेल, त्यापासून तिला वाचविण्याचे काम तिच्या शाळेतील या विश्वासावर अवलंबून आहे.