पातळी आणि दृष्टी : हौशी छायाचित्रणातील एक प्रश्न

कथात्म साहित्याची चर्चा करताना निवेदक कोठे उभा आहे, हा प्रश्न आपण आता सवयीने विचारतो. सर्वज्ञ निवेदक आणि एखाद्या पात्राच्या डोळ्यांनी पाहणारा निवेदक यांच्यामुळे एकाच घटनेचा अर्थ कसा पालटतो, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. छायाचित्राच्या बाबतीत हा प्रश्न अक्षरशः, म्हणजे फूट-इंचांत, विचारता येतो. तरीही तो क्वचितच विचारला जातो. त्यातही घराजवळचा जिना, बसथांबा, बाजार यांची हौशी माणसाने काढलेली चित्रे समीक्षेच्या कक्षेत येतच नाहीत. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित सामग्रीच्या अनुषंगाने एक मर्यादित मुद्दा मांडावयाचा आहे. छायाचित्रातील पातळी ही कोणाची तरी राहण्याची, बसण्याची वा काम करण्याची जागा असते. ती कोणाची, हे पाहिल्यावाचून वरून किंवा खालून घेतलेल्या दृश्याचे मोल ठरविता येत नाही.

जाता जाता भाषेतील एक गंमत नोंदवावीशी वाटते. मराठीत आपण फोटो 'काढतो', चित्रही काढतो आणि विहिरीतून पाणीही काढतो. हिंदीत तस्वीर 'खींचतात', म्हणजे ओढतात. बंगालीत छबी 'तोलतात', म्हणजे उचलतात. तिन्ही क्रियापदांत हाताचे श्रम आहेत. नुसते पाहणे एकातही नाही. छायाचित्रकाराला शरीर असते आणि ते कोठेतरी उभे असते, हे आपल्या भाषांनी परस्पर ओळखून ठेवले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता थोडे शास्त्र. सपाट जमिनीवर कॅमेरा आडवा-उभा न कलंडता समतल धरला, तर क्षितिजरेषा भिंगाच्या उंचीवरून जाते. भिंग जमिनीपासून पाच फुटांवर असेल, तर जवळच्या, दूरच्या, सर्व वस्तूंना ही रेषा पाच फुटांवरच छेदते. म्हणून उभ्या माणसाने डोळ्याला कॅमेरा लावून गर्दीचे चित्र घेतले, की लहानमोठे दिसणारे सर्व चेहरे साधारण एकाच आडव्या ओळीत येतात. तोच कॅमेरा कमरेशी आणला, तर ती रेषा सर्वांच्या कमरेतून जाते आणि मस्तके आकाशाकडे झेपावतात. माडीवरून पाहिले, तर सर्व माणसे क्षितिजाखाली, जमिनीच्या पार्श्वभूमीवर येतात. त्यांच्यामागचे आकाश नाहीसे होते. केवळ दोन-तीन फुटांच्या फरकाने माणसाची पार्श्वभूमी आकाश ठरणार, भिंत ठरणार की धूळ, हे निश्चित होते. कॅमेरा वर वा खाली कलवला, तर इमारतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकू लागतात. हौशी मंडळी हा दोष मानून टाळतात; वस्तुतः मान वर केल्याची ती प्रामाणिक खूण असते.

ही उंची पुष्कळदा छायाचित्रकाराऐवजी उपकरणच ठरवीत आले आहे. १९०० साली आलेल्या ब्राउनीपासून पुढची कित्येक दशके सामान्य कुटुंबांतील पेटी-कॅमेरे पोटाशी किंवा छातीशी धरले जात. १९२९ च्या रोलायफ्लेक्समध्येही वरून, मान खाली घालून पाहावे लागे. लायका १९२५ मध्ये बाजारात आला आणि कॅमेरा डोळ्याशी गेला. आपल्याकडे बडोद्यात तयार होणाऱ्या आगफा क्लिक-थ्री या स्वस्त कॅमेऱ्याने अनेक मध्यमवर्गीय घरांना हीच डोळ्याची पातळी दिली. पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्याचा एक गुण मात्र यात हरवला. त्यात पाहणारा खाली बघत असल्यामुळे समोरच्याला रोखून पाहिल्यासारखे वाटत नसे.

या पोटाच्या पातळीवर सर्वांत कडवा हल्ला चढविला तो अलेक्सांद्र रोदचेंको याने. हा मूळचा चित्रकार. १९२४ च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला. १९२५ मध्ये त्याने मॉस्कोतील म्यास्नित्स्काया रस्त्यावरील घराचे सज्जे आणि आगीच्या वेळी उतरावयाची शिडी भिंतीलगत उभे राहून थेट खालून टिपली. सज्जे एकावर एक रचलेल्या फळ्यांसारखे वर चढत जातात आणि शिडीवरचा माणूस तळव्यांकडून दिसतो. १९२८ मध्ये 'नोव्ही लेफ' या नियतकालिकात त्याने आपली भूमिका मांडली. बेंबीच्या उंचीवरून जग पाहण्याची सवय जुन्या चित्रकलेने लावली असून आधुनिक नगर वरून खाली आणि खालून वर पाहिले पाहिजे, असा तिचा आशय होता. व्हिक्तर श्क्लोव्स्कीने १९१७ मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या सिद्धान्ताशी तिचे नाते उघड आहे. सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू कलेने पुन्हा दिसती करावी, हे सूत्र येथे मानेच्या स्नायूंपर्यंत पोहोचले.

त्याच वर्षी हौशी छायाचित्रकारांसाठी निघणाऱ्या 'सोव्हेत्स्कोये फोतो' मध्ये एका निनावी पत्राने रोदचेंकोवर परदेशी छायाचित्रकारांच्या अनुकरणाचा आरोप केला. तो आरोप आज फारसा विचारात घेण्याजोगा नाही. बोरिस कुश्नेर याने घेतलेला आक्षेप मात्र टिकाऊ आहे. वरून आणि खालून याच दोन दिशांना विशेष अधिकार का असावा, असे त्याच्या प्रश्नाचे स्वरूप होते. या वादात माझा कल अंशतः कुश्नेरकडे आहे. अपरिचितीकरण हे साधन म्हणून हाती आले की त्याचीही सवय होते, आणि मग तिरपा जिना हा पौर्णिमेच्या चंद्राइतकाच ठरावीक होतो. १९३० मध्ये रोदचेंकोने हनुवटीखालून टिपलेला तुतारी वाजविणारा मुलगा प्रभावी आहे. पण ती उंची त्या मुलाजवळ वावरणाऱ्या कोणाचीही नाही. म्यास्नित्स्कायावरील घर वेगळे आहे, कारण रोदचेंको त्याच घरात राहत होता. अंगणातून मान वर करून त्या सज्ज्यांकडे पाहणे हा त्या घरातील रहिवाशांचा नित्याचा अनुभव होता. त्या चित्रांचे बळ मला नवलाईपेक्षा या परिचयात अधिक दिसते.

याच कसोटीवर दोन हौशी नजरा पाहाव्यात. १८९४ मध्ये जन्मलेल्या झाक-आंरी लार्तीग या फ्रेंच मुलाने १९०५ मध्ये आपल्या खोलीतील खेळण्यातल्या मोटारी टिपल्या, त्या जमिनीलगत कॅमेरा ठेवून. मोटारी खऱ्या शर्यतीतल्याइतक्या मोठ्या भासतात. प्रयोग करण्याचा त्याचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. मोटारींशी खेळणारे मूल जमिनीवर पडूनच खेळते. जगाला ही चित्रे कळली ती १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनामुळे. दुसरा आंद्रे केर्तेस. व्यवसायाने छायाचित्रकार असूनही तो स्वतःला हौशीच म्हणवीत असे. १९५२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरील एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावर राहावयास गेला आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत खिडकीतून खालचा चौक टिपीत राहिला. बर्फातील वळणदार वाटा, काळी झाडे, एखादा एकटा पादचारी. ती उंची घरात बसलेल्या, वृद्ध होत चाललेल्या माणसाची आहे, आणि चित्रातील अंतर त्याच्या आयुष्यातील अंतराशी जुळते.

अभ्यासासाठी आपल्याकडील एक जागा सुचवितो : पुण्याची महात्मा फुले मंडई. १८८० च्या दशकात 'रे मार्केट' म्हणून ती उभी राहिली. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्योतीराव फुल्यांनी ज्या खर्चास विरोध केला, त्यातून झालेल्या वास्तूला पुढे त्यांचेच नाव मिळाले, हा इतिहासाचा एक तिरकस योग. आत भाजीविक्रेते उंच ओट्यांवर, भाजीच्या राशींमागे बसतात. गिऱ्हाईक खाली उभे राहून वर पाहते आणि पिशवी वर धरते. बाहेर रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेल्या बाईकडे तेच गिऱ्हाईक वाकून पाहते. व्यवहार तोच, भाजी तीच, पण नजरेची दिशा उलट. उभ्या माणसाने दोन्हीकडे आपल्याच उंचीवरून चित्र घेतले, तर आतली बाई राणीसारखी आणि बाहेरची याचकासारखी दिसेल. आणि दोष कॅमेऱ्याचा नसल्याने तो कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हीच छायाचित्रे बसलेल्या बाईच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे बाहेर जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवरून, घेऊन पाहावीत. तेथून गिऱ्हाइकांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. साड्यांचे काठ, धोतरे, विजारी, पिशव्यांचे तळ आणि पुढे आलेले हात एवढेच आहे. दिवसभर तिला दिसते ते हे.

अर्थात त्यासाठी तिच्याजवळ बसावे लागते आणि बसण्यापूर्वी विचारावे लागते. "मावशी, इथं बसून एक फोटो काढू का?" एवढे पुरते, पुष्कळदा उत्तरादाखल आधी भाजी घ्यावी लागते, तीही घ्यावी. ओट्यावर चढावयाचे तर परवानगी अधिकच आवश्यक, कारण ती तिची कामाची जागा आहे. व्यावसायिक छायाचित्रकारास येथे घाई असते. हौशी माणसास पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेस त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. प्रत्येक प्रतीच्या मागे तारखेबरोबर भिंगाची अंदाजे उंची व ती कोणाच्या डोळ्याची, एवढे लिहून ठेवावे. वर्षभरात अशी पन्नास चित्रे जमली, तर त्यांतून त्या जागेतील श्रेणींचा एक नकाशाच हाती येतो.

अलीकडे ड्रोनमुळे वरची पातळी विनासायास मिळू लागली आहे. तिला उपयोग नाही असे नाही. रस्त्यांची रचना, पाण्याचा निचरा, छपरांची दाटी तेथून उत्तम कळते. पण अगदी डोक्यावरून घेतलेल्या बाजाराच्या चित्रात उंच ओट्यावरची बाई, पोत्यावरची बाई आणि दोघींपुढचे गिऱ्हाईक यांची फक्त डोकी दिसतात, सारख्याच आकाराचे गोल ठिपके. कोण कोणाकडे वर पाहत होते, ते त्यात उतरत नाही.